ओळख, वशिला आणि नोकरी

दहावी-बारावीचे निकाल लागले, पदवीची परीक्षा आटोपली किंवा आय.टी.आय.चे प्रमाणपत्र हाती पडले, की आपल्या गावांतून घरोघरी एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : “कोणाची ओळख आहे का?” बाप तो प्रश्न आठवड्याच्या बाजारात विचारतो, आई रविवारची मिस्सा आटोपून देवळाच्या पायऱ्या उतरताना विचारते, आणि मुलगा मोबाईलच्या पडद्याकडे पाहत तोच प्रश्न मनाशी विचारीत असतो. हा प्रश्न विचारताना आपण थोडे लाजतो. ओळखीने मिळालेली नोकरी म्हणजे मागच्या दाराने मिळालेली नोकरी, असा एक समज आपल्या मनात घर करून बसला आहे. उलटपक्षी, “वशिल्याशिवाय या जगात काही होत नाही,” असे म्हणून हातपाय गाळून बसणारेही आपल्यात थोडे नाहीत. वस्तुतः या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत, आणि त्यांच्यापायी पुष्कळ कुटुंबांचे नुकसान होते. म्हणून आज या सदरात ओळखीचाच विचार करू.

प्रथम दोन शब्द वेगळे केले पाहिजेत. लायक नसलेल्या माणसाला लायक माणसाच्या पुढे ढकलणे, याला वशिला म्हणतात. कोठे जागा रिकामी आहे ही वार्ता लायक माणसापर्यंत पोहोचविणे आणि हा माणूस कसा आहे ही वार्ता मालकापर्यंत पोहोचविणे, ही झाली ओळख. वशिल्याने कोणाचा तरी हक्क बुडतो. ओळखीने केवळ अंधार दूर होतो. मालकाला हजार अर्ज आले तरी त्यांतील कोणता माणूस प्रामाणिक, कोणता वेळेवर येणारा, कोणता चार महिन्यांत सोडून जाणारा, हे कागदावरून कळत नाही. उमेदवारालाही बाहेरून कारखाना दिसतो. आत पगार वेळेवर होतो की नाही, हे दिसत नाही. या दोन अज्ञानांमध्ये जो माणूस दुवा होतो, तो ओळखीचा माणूस. बातमी आणि हमी ही त्याची दोन कामे होत.

ही गोष्ट आपल्या लोकांना नवी नाही. गोव्यातील ख्रिस्ती खेडुतांनी एकोणिसाव्या शतकात मुंबईची वाट धरली, तेव्हा त्यांनी तेथे जी संस्था उभी केली, तिचे नाव कूड. कूड म्हणजे खोली. एका गावच्या लोकांनी मिळून धोबीतलाव, माझगाव अशा वस्त्यांत जागा घ्यावी, अल्प वर्गणीत गावच्या माणसाला पेटी ठेवण्यास व पथारी टाकण्यास ठाव द्यावा, भिंतीशी गावच्या आश्रयदात्या संताची वेदी असावी, सायंकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणावी, आणि गावचे फेस्त मुंबईतही साजरे करावे, असा त्यांचा परिपाठ. धोबीतलावावरील जेर महाल या इमारतीत अशा अनेक गावांचे क्लब एकमेकांच्या शेजारी नांदत आले आहेत. बोटीवर खानसामा, आचारी, वाढपी म्हणून काम करणारे कितीतरी गोवेकर एका सफरीतून दुसऱ्या सफरीपर्यंतचे दिवस याच कुडीत काढीत.

आता ही कूड नुसती धर्मशाळा होती काय? नाही. बोटीवरून परतलेला माणूस रात्री पथारीवर पडल्या पडल्या सांगे, की अमुक कंपनीच्या अमुक बोटीवर दोन आचारी कमी आहेत. ती बातमी सकाळपर्यंत साऱ्या गावाला ठाऊक होई. आणि तो जुना माणूस नव्या पोराला सोबत घेऊन गेला, की वरिष्ठाला हेही कळे, की हा पोरगा कोणाच्या भरवशावर आला आहे. पोराने वाईट वागणूक केली तर आणणाऱ्याची मान खाली जाणार. म्हणून आणणाराही माणूस पारखूनच आणी. बातमी आणि हमी ही दोन्ही कामे गावाने गावासाठी फुकट केली. एका अर्थाने कूड हे त्या काळचे जाळे होते, आणि सांप्रत ज्याला आपण ‘सोशल नेटवर्क’ म्हणतो, त्याचेच ते खोलीभर रूप होते.

परंतु त्या जाळ्याच्या उणिवाही लक्षात घेतल्या पाहिजेत. एक तर ते फक्त गावापुरते होते. ज्या गावची कूड, त्या गावच्या माणसालाच थारा. दुसरे, ते पुरुषांचे होते. मुंबईत घरकामासाठी गेलेल्या बायकांना तेथे जागा नव्हती. तिसरे, गावची माणसे ज्या धंद्यात, त्याच धंद्याची बातमी तेथे येई. आणि चौथे सर्वांत वाईट : जेथे ओळखीला मोल आले, तेथे ती विकणारेही आले. बोटीवर माणसे भरणाऱ्या दलालांना चिरीमिरी दिल्याखेरीज काम मिळेना. गिरण्यांमध्ये तर जॉबर नावाचा मुकादम माणसे कामावर घेई, आणि घेताना व टिकवून ठेवताना त्यांच्याकडून पैसे उकळी. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या लाचखोरीची सविस्तर नोंद केली आहे. खलाशांच्या बाबतीत तर त्याच्याही आधी, १९२० साली, इटलीतील जिनोआ येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने ठराव केला, की खलाशाला काम मिळवून देणे हा नफ्याचा धंदा असता कामा नये. ओळख ही देण्याची वस्तू आहे. ती विकण्याची झाली, की तिचा वशिला होतो आणि वशिल्याची पुढे लाच होते.

दलालांच्या तावडीतून माणसाला सोडविण्यासाठी सरकारनेही प्रयत्न केले. दुसरे महायुद्ध संपत आले, तेव्हा सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या शिपायांना कामे मिळावीत म्हणून १९४५ मध्ये आपल्या देशात सेवायोजन कार्यालयांची व्यवस्था सुरू झाली, आणि पुढे ती सर्वांना खुली करण्यात आली. १९५९ च्या कायद्याने सरकारी संस्थांनी, तसेच पंचवीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खाजगी संस्थांनीही, आपल्या रिकाम्या जागा या कार्यालयाला कळवाव्यात असे ठरले. मात्र त्या कार्यालयाने धाडलेलाच माणूस घेतला पाहिजे, अशी सक्ती त्या कायद्यात नव्हती. आपल्या आईबापांपैकी पुष्कळांनी त्या कार्यालयात नाव नोंदविले असेल, वर्षानुवर्षे नूतनीकरण केले असेल, आणि बोलावणे आले नसेल. कार्यालयाचा हेतू चांगला होता. पण त्याला नोंदणीचा क्रमांक ठाऊक होता, माणूस ठाऊक नव्हता. बातमीचे काम त्याने थोडेफार केले, हमीचे काम त्याला करता आले नाही. २०१५ पासून केंद्र सरकारने ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ या नावाने हीच सोय संगणकावर आणली आहे. तेथे उमेदवाराला नोंदणीसाठी पैसे पडत नाहीत. म्हणून प्रत्येक होतकरू मुलाने व मुलीने तेथे नाव घालून ठेवावे. मात्र तेवढ्यावर विसंबून राहू नये.

ओळखीचा उपयोग नेमका कसा होतो, याचा शास्त्रीय शोध अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने घेतला. बोस्टनजवळच्या न्यूटन या गावी नुकतीच नोकरी बदललेल्या माणसांना त्याने विचारले, की तुम्हाला या जागेची खबर कशी लागली? निम्म्याहून अधिक लोकांनी सांगितले, की ती माणसाकडून लागली. जाहिरातीवरून किंवा नुसत्या अर्जावरून नव्हे. येथवर आश्चर्य काही नाही. आश्चर्य पुढेच आहे. ज्याने खबर दिली तो मित्र होता काय, असे विचारले असता, “मित्र नव्हे, नुसता ओळखीचा,” असे उत्तर त्याला वारंवार मिळाले. ज्या माणसाकडून खबर लागली त्याची गाठ त्या काळात किती वेळा पडत असे, या प्रश्नावर ५४ जणांपैकी सुमारे १७ टक्के लोक म्हणाले, की आठवड्यातून दोनदा किंवा अधिक. सुमारे ५६ टक्के म्हणाले, की अधूनमधून. आणि सुमारे २८ टक्के म्हणाले, की वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. १९७३ साली त्याने हा सिद्धान्त लेखरूपाने मांडला, आणि तो आजही जगभर अभ्यासला जातो.

याचे कारण आपल्या घरचेच उदाहरण घेतले की उमगते. आपला सख्खा भाऊ, शेजारी, जिवलग मित्र यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. कारण आपण सारे त्याच वाडीत, त्याच माणसांत वावरतो. ते आपल्यासाठी जीव टाकतील, पण नवी बातमी कोठून आणतील? याउलट, दहा वर्षांपूर्वी आपल्याबरोबर शाळेत असलेला व आज बडोद्याच्या कारखान्यात काम करणारा मुलगा, हैदराबादच्या इस्पितळात परिचारिका असलेली दूरच्या नात्यातील मुलगी, कोणा लग्नात भेटलेले इंदूरचे गृहस्थ, यांचे जग वेगळे. म्हणून त्यांच्याकडची बातमीही वेगळी. जवळच्याचे प्रेम आणि दूरच्याची खबर, या दोहोंची गरज असते. आपली चूक अशी होते, की आपण पुन्हा पुन्हा त्याच चार जवळच्या माणसांना विचारतो आणि मग निराश होतो.

या दूरच्या ओळखी सांभाळणे पूर्वी कठीण होते. पत्ता हरवला, की माणूस हरवला. ही अडचण मोबाईलने दूर केली आहे. १९९७ मध्ये आपल्या देशात ‘नोकरी डॉट कॉम’ सुरू झाले, तेथे जाहिराती एकत्र आल्या. २००३ मध्ये अमेरिकेत ‘लिंक्डइन’ सुरू झाले, तेथे माणसे एकत्र आली. फेसबुकवर आपण लग्ना-बारशाची छायाचित्रे पाहतो, तर लिंक्डइनवर माणूस आपले शिक्षण, आपले काम आणि आपल्या कामातील ओळखी मांडून ठेवतो. २०२३ मध्ये त्याच्या सभासदांची संख्या जगभरात शंभर कोटींच्या पुढे गेली, आणि अमेरिकेच्या खालोखाल सर्वाधिक सभासद भारतातील आहेत. ग्रॅनोव्हेटरचे म्हणणे तेथेही खरे ठरते काय, याची परीक्षा झाली. पाच वर्षांत दोन कोटींहून अधिक सभासदांच्या ओळखी कशा वाढल्या व त्यांतील कोणाला कोठे काम लागले, हे तपासून काही संशोधकांनी २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केला. सख्ख्या ओळखीपेक्षा बेताची ओळख नोकरीला अधिक उपयोगी पडते, असे त्यात दिसून आले. मात्र ओळख अगदीच नावापुरती असेल, तर तिचाही उपयोग घटतो. आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची : संगणकाशी निगडित असलेल्या धंद्यांत ही दूरची ओळख विशेष फळाला येते; ज्या धंद्यांत संगणकाचा वापर कमी, तेथे जवळची ओळखच अधिक कामाला येते. म्हणजे सुतार, गवंडी, आचारी यांना आपल्या उस्तादाचा शब्द आजही मोलाचा. हिशेबनीस किंवा संगणक जाणणारी मुलगी यांनी मात्र दूरवर हात पसरावा.

पण वाचकहो, ओळखीचे जाळे जसे वर चढण्याची शिडी होते, तसेच ते कुंपणही होऊ शकते. याचा एक बोलका दाखला मुंबईच्या दादरमधील आहे. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तेथील मराठी कुटुंबांचा अभ्यास करून २००६ साली तो प्रसिद्ध केला. कष्टकरी जातींतील पुरुषांना गिरणी, कारखाना अशा ठिकाणी जातभाईंच्या ओळखीने पिढ्यान्‌पिढ्या कामे मिळत आली होती. १९९० नंतर काळ पालटला, इंग्रजी जाणणाऱ्यांना कार्यालयांतून चांगल्या पगाराच्या जागा मिळू लागल्या. तरीही या घरांतील मुलांना आईबापांनी जुन्याच वाटेने पाठविले. कारण त्या वाटेच्या टोकाला ओळखीची नोकरी ठरलेली होती. मुलींसाठी मात्र अशी ठरलेली नोकरी नव्हती. त्यांच्या आत्यांनी, मावश्यांनी गिरणीत जागा राखून ठेवल्या नव्हत्या. म्हणून आईबापांनी मुलींना अधिक मोकळेपणाने नव्या शाळांत घातले, आणि या घरांतील मुली शिक्षणात आपल्या भावांच्या पुढे निघून गेल्या. ज्यांना ओळखीचा आधार नव्हता, त्यांनाच नवा रस्ता सापडला! मराठी शाळेचा यात दोष नव्हे. “बापाच्या ओळखीने लागेल कोठेतरी,” या निश्चिंतीचा तो दोष. आपल्या घरी काका बोटीवर आहे किंवा मामा आखातात आहे, एवढ्यावर जो मुलगा पुस्तक बाजूला ठेवतो, त्याच्या आईबापांनी दादरच्या या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

दुसरीही एक बाजू आहे. ज्याच्या ओळखीचे कोणीच मोठ्या जागी नाही, त्याने काय करावे? हल्ली पुष्कळ कंपन्या आपल्याच नोकरांना सांगतात, की तुमच्या माहितीचा चांगला माणूस सुचवा. तो टिकला तर सुचविणाऱ्याला बक्षीसही देतात. मालकाच्या दृष्टीने हे सोयीचे आहे. पण आत ज्यांची माणसे आहेत त्यांचीच माणसे आत जातात, आणि बाहेरचा बाहेरच राहतो. बरे, ओळख सोडून केवळ अर्जावर भिस्त ठेवावी, तर तेथेही न्याय सरळ नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी धाडण्यात आले. पात्रता तीच, परंतु नावावरून उमेदवार दलित किंवा मुसलमान आहे असे दिसले, की बोलावणे येण्याचा संभव कमी झाला. नाव पाहून दार लावणारे जग अद्याप सरलेले नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. अशा जगात एखाद्या विश्वासू माणसाचा “मी या मुलाला ओळखतो” हा शब्द किती मोलाचा! म्हणूनच तो शब्द केवळ आपल्या भाच्या-पुतण्यांसाठी राखून ठेवू नये. आपल्या धर्मग्रामात जो मजुराचा मुलगा पहिल्यानेच पदवीपर्यंत पोहोचला, ज्या विधवेच्या मुलीला शिफारस करणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी तो आधी खर्च करावा. आपल्याला कोणीतरी हात दिला होता. त्याचे ऋण त्याच माणसाला फेडता येत नाही, ते पुढच्या माणसाला फेडावयाचे असते.

आता फसवणुकीविषयी. जुन्या काळचा दलाल निदान समोर उभा असे. त्याचे घर ठाऊक असे. आजचा ठक मोबाईलमध्ये बसतो. २०२२ च्या सप्टेंबरात परराष्ट्र मंत्रालयाने एक इशारा प्रसिद्ध केला. थायलंडमध्ये संगणकाच्या नोकऱ्या आहेत, अशा जाहिराती समाजमाध्यमांवर देऊन शिकलेल्या तरुणांना नेले जाते, तेथून चोरवाटेने बहुधा म्यानमारमध्ये नेऊन डांबले जाते, आणि परक्या लोकांना फोनवरून व संगणकावरून फसविण्याचे काम त्यांच्याकडून सक्तीने करून घेतले जाते, असे त्यात सांगितले होते. मार्च २०२५ मध्ये अशा तळांवरून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडमार्गे सैनिकी विमानांनी मायदेशी आणावे लागले. ही मुले अडाणी नव्हती. त्यांना बातमी मिळाली होती. हमी देणारा कोणी नव्हता, आणि ती त्यांनी मागितलीही नव्हती.

म्हणून काही नियम प्रत्येक कुटुंबाने पाठ करून ठेवावेत. परदेशी नोकरीस पाठविणाऱ्या दलालाकडे सरकारी परवाना असला पाहिजे; परवानाधारकांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर पाहता येते. त्याने किती शुल्क घ्यावे यालाही सरकारने मर्यादा घातली आहे. म्हणून दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी, आणि जो पावती देत नाही त्याला पैसे देऊ नयेत. पर्यटनाच्या व्हिसावर नोकरीला जा, तेथे गेल्यावर बदलून देतो, असे जो सांगतो त्याचे पाऊल घरात पडू देऊ नये. बोटीवर जाणाऱ्यांसाठी तर नियम अधिक स्पष्ट आहे. २००६ च्या सागरी श्रम करारानुसार, ज्याला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली, खलाशाला काम मिळवून देण्याबद्दल त्याच्याकडून शुल्क घेता येत नाही; पारपत्र, खलाशाची पुस्तिका व वैद्यकीय दाखला यांचा खर्च तेवढा वेगळा. बोटीवर भरती करणाऱ्या संस्थेलाही नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. तेव्हा “दोन लाख भरा, बोट मिळेल,” असे म्हणणारा मनुष्य कितीही गोड बोलला, कितीही धार्मिक दिसला, आपल्याच तालुक्यातला असला, तरी तो जुन्या मुकादमाचाच वंशज समजावा. मोबाईलवरून पैसे गेलेच, तर लाज धरून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर तात्काळ तक्रार करावी. वेळ जितका कमी गेला असेल, तितका पैसा अडविण्याचा संभव अधिक.

शेवटी, काम शोधणाऱ्याने प्रत्यक्ष काय करावे? प्रथम आपली माहिती एका पानावर स्वच्छ लिहावी. “मेहनती आहे, प्रामाणिक आहे,” असे नुसते लिहिण्यात अर्थ नाही. ते सारेच लिहितात. वेल्डर असेल तर कोणत्या प्रकारचे वेल्डिंग येते, परिचारिका असेल तर नोंदणी कोठली व कोणत्या विभागात किती वर्षे काम केले, आचारी असेल तर किती माणसांचा स्वयंपाक एकट्याने उरकता येतो, हे लिहावे. न केलेले काम केले म्हणून लिहू नये. पूर्वीच्या मालकाला एक फोन केला, की ते उघडे पडते. आधार कार्डाचे वा पारपत्राचे छायाचित्र सर्वांना दिसेल असे कोठेही लावू नये. आणि रागाच्या भरात रात्री लिहिलेली दोन वाक्ये सकाळी मालकाच्या दृष्टीस पडू शकतात, हे ध्यानात ठेवूनच समाजमाध्यमांवर बोलावे.

मग आपल्या दूरच्या ओळखींची यादी करावी : जुने शिक्षक, सहाध्यायी, गावचे बाहेर गेलेले लोक, पूर्वीच्या कामावरचे सोबती. त्यांना लिहिताना नोकरी मागू नये, माहिती मागावी. नोकरी मागितली, की माणूस संकोचतो, कारण ती देणे त्याच्या हाती नसते. माहिती मागितली, तर तो मोकळेपणाने बोलतो, आणि बोलता बोलता जागेचीही खबर देतो. पत्र असे असावे :

“आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. मी आपल्या शाळेत २०१८ साली दहावीत होतो. त्यानंतर फिटरचा अभ्यासक्रम पुरा करून दोन वर्षे एका कारखान्यात काम केले आहे. आपले चिरंजीव बडोद्यास याच क्षेत्रात आहेत असे समजले. तेथे या कामासाठी कोणती जादा परीक्षा द्यावी लागते आणि नव्या माणसाने सुरुवात कोठून करावी, एवढे त्यांच्याकडून कळले तर उपकार होतील. माझी माहिती सोबत जोडली आहे. आपला विद्यार्थी.”

इतके पुरे. उत्तर आले, तर त्याच दिवशी आभार मानावेत. काम लागले तर कळवावे, आणि न लागले तरी कळवावे. पुष्कळ तरुण काम झाले की माणसाला विसरतात, आणि पुढच्या वेळी त्याच दारात उभे राहताना त्यांचे पाय अडखळतात.

ज्याच्याकडे असे पत्र येते, त्याचेही कर्तव्य आहे. उत्तर द्यावे, मग ते ‘नाही’ असले तरी चालेल. शिफारस करावयाची तर जेवढे खरे आहे तेवढेच सांगावे : “मुलगा कष्टाळू आहे, इंग्रजी कच्चे आहे, पण शिकण्याची तयारी आहे.” अशा शब्दाला किंमत येते. खोट्या स्तुतीने एकाला जागा मिळेल. परंतु पुढे त्याच दारातून येणाऱ्या दहा खऱ्या मुलांची वाट बंद होईल. धर्मगुरूंकडे चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागण्यास जाणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे, की त्यांनी जे पाहिले तेच त्यांना लिहिता येईल.

आणि हे सारे मुलींनाही तितकेच लागू आहे. मुलग्यासाठी दहा ठिकाणी शब्द टाकणारा बाप मुलीसाठी एका ठिकाणीही विचारीत नाही, असे आपल्याकडे अजून घडते. मुलीची ओळख लग्नाच्या बाजारापुरती ठेवू नये. तिच्या कामाचीही ओळख जगाला करून द्यावी.

गावोगावी एक साधी गोष्ट सहज करता येईल. परगावी व परदेशी कामाला असलेल्या आपल्या माणसांची एक वही करावी. कोण कोठे आहे, कोणत्या धंद्यात आहे, आणि विचारणाऱ्याला सल्ला देण्यास तयार आहे काय, एवढेच त्यात असावे. ज्याचे नाव घालावयाचे त्याची संमती आधी घ्यावी. वर्षातून एकदा, फेस्ताला सारे घरी येतात तेव्हा, एका दुपारी त्यांना शाळेतील मोठ्या मुलामुलींपुढे आपल्या कामाविषयी बोलावयास लावावे. यासाठी वर्गणी लागत नाही, सभागृह लागत नाही. कुडीतल्या त्या जुन्या माणसांनी पथारीवर पडल्या पडल्या जे केले, तेच आपण दिवसाउजेडी, मुलींना सोबत घेऊन आणि आपल्या-परक्याचा भेद न करता करावयाचे आहे.